मिनेसोटात घर बांधतोय: तळघराच्या भिंती आणि जिओथर्मल, काय करावं?

जाईजुई

नमस्कार मंडळी,

इथे बरेच जण अमेरिका-कॅनडात घरं बांधून बसलेत, म्हणून विचारते. मिनियापोलिसच्या पश्चिमेला, गाडीने तासाभरावर, आम्ही पाच एकर जागा घेतली आहे. (सोलापूरला सासूबाईंना फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, "पाणी आहे का? ऊस लावणार का?") तयार घर नको, आपल्याला हवं तसं बांधून घ्यायचं म्हणून बिल्डर ठरवला, नकाशा पक्का झाला. वरचे दोन मजले मिळून २४०० चौरस फूट, खाली १२०० चौरस फुटांचं तळघर. जमिनीतली गोठण उतरली की खोदाई सुरू.

आता दोन ठिकाणी घोडं अडलंय.

तळघराच्या भिंती: बिल्डर नेहमी साचे लावून आठ इंची काँक्रीटची भिंत ओततो. नवऱ्याच्या डोक्यात आयसीएफ बसलंय, म्हणजे थर्माकोलचे पोकळ ठोकळे एकावर एक रचायचे, आत सळई आणि काँक्रीट, थर्माकोल कायमचा तिथेच. बिल्डर म्हणतो करून देतो, पण म्हणताना तोंड असं करतो की करू नका.

घर गरम करणं: आमच्या रस्त्यावर गॅसची लाइन नाही. प्रोपेनची (टाकीत भरून घ्यायच्या गॅसची) फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी भट्टी, आणि एसी असं १८ हजार डॉलरचं कोटेशन आहे. जिओथर्मलचं, म्हणजे जमिनीतली उष्णता घरात आणणाऱ्या मशीनचं, आडव्या पाइपांचं ३८ हजार, उभे बोअर मारायचे तर ४७ हजार. विक्रेता म्हणाला, यातून ३० टक्के टॅक्स क्रेडिट (आयकरातली सूट) वजा करा. पाच टनी मशीन लागेल म्हणतो. पाच कसं काढलं विचारलं तर उत्तर, "एवढ्या घराला एवढं लागतंच."

जिओथर्मलवर राहणारं कोणी आहे का इथे? जानेवारीत घर खरंच गरम राहतं का? आणि पैसे कुठे घालावे, भिंतीत की मशीनमध्ये? दोन्हीकडे हात सैल सोडता येईल अशी परिस्थिती नाही.

कोकण्या

अभिनंदन! फोटो टाकत राहा.
एक बाळबोध प्रश्न. तिकडे आपल्या वज्रेश्वरीसारखी गरम पाण्याची कुंडं आहेत का? नसतील तर उणे पंचवीसमध्ये जमिनीतून उष्णता काढणार कुठून?

तळ्याकाठी

जाईजुई, मी सेंट क्लाउडजवळ राहतो, मूळचा मिरजेचा. घर स्वतः उभं राहून बांधून घेतलंय, जिओथर्मलवरच आहे. सवडीने सविस्तर लिहितो, आधी कोकण्यांचं.

कुंड लागत नाही. इथे वीस-तीस फूट खाली गेलात की जमीन बारा महिने साधारण ८ ते १० अंश सेल्सिअसवर असते. फ्रिज जसा आतल्या थंड भाज्यांमधली उष्णता काढून मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो, तसंच हे मशीन त्या दहा अंशांच्या जमिनीतली उष्णता उपसून घरात सोडतं. जमिनीत पुरलेल्या प्लास्टिकच्या पाइपांतून पाणी आणि ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव्य) फिरत राहतं, बाकी सगळं काम कॉम्प्रेसर करतो. विजेचं एक युनिट खर्चलं की घरात तीन ते चार युनिटांएवढी उष्णता मिळते. कल्पना जुनी आहे, लॉर्ड केल्विननी १८५२ मध्ये मांडलेली. उन्हाळ्यात तेच उलटं चालतं, घरातली उष्णता जमिनीत.

आता मुद्द्याचं.

ते ३० टक्के विसरा. घरमालकांना मिळणारं ते क्रेडिट जुलै २०२५ च्या कायद्यानं संपवलं, ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला मिळत नाही. जो विक्रेता आजही ते वजा करून आकडा सांगतो त्याच्याकडून दुसरं काय काय ऐकून घ्यायचं ते तुम्हीच ठरवा.

पाच टनांचं उत्तर तर त्याहून ढिसाळ. टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक). तुमच्या घरातून कडाक्याच्या थंडीत ताशी किती उष्णता बाहेर जाते हे भिंत, छप्पर, खिडक्या, हवेची गळती असं एकेक धरून मोजतात. त्याला इथे मॅन्युअल जे म्हणतात. ते कागदावर मागा. नुसत्या चौरस फुटांवरून मशीन सांगणारा माणूस शिंप्यासारखं माप न घेता सदरा शिवतोय. मोठं मशीन घेतलं की नुसते पैसे जात नाहीत, जमिनीतले पाइपही त्याच मापात वाढतात. उन्हाळ्यात ते सारखं चालू-बंद होतं आणि घरातली दमट हवा तशीच राहते.

आणि भिंत की मशीन? भिंत. डोळे झाकून भिंत. मशीन वीस-पंचवीस वर्षांनी बदलायचंच आहे, ते बदलायला एक दिवस लागतो. तळघराची भिंत आणि तिच्या खालची जमीन यांना घर उभं राहिल्यावर हात लावता येत नाही.

मुकादम

ताई, आमची सगळी हयात बार्शी-उस्मानाबाद भागात बांधकामात गेली. तिकडचे बांधकामाचे नियम मला ठाऊक नाहीत, पण पायाचं बोलतो.

आमच्याकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पाया ठेवला की दोन वर्षांत भिंतीला तिरकी भेग. म्हणून आम्ही मुरूम लागेपर्यंत, जमलं तर खडकापर्यंत जातो, आणि जोत्याखाली काळी माती ठेवत नाही. मुलगा टोरांटोला आहे, त्याच्याकडे गेलो तेव्हा शेजारच्या प्लॉटवर खोदाई चालली होती. चार फूट खणून थांबले. खाली खडक नाही, काही नाही. विचारलं तर म्हणे गोठण तिथवर जाते. आमची माती पाण्याने फुगते, यांची बर्फाने. जिथवर हलते तिथवर उभं राहायचं नाही, एवढंच.

पण मला एक सांगा, तिकडे क्युरिंगला, म्हणजे ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवायला, पाणी कोण मारतं? तिथे मला कोणी पाइप घेऊन उभा दिसला नाही. मी पोराला म्हटलं, ह्यांचं काँक्रीट भाजून निघणार.

तळ्याकाठी

मुकादम, लाखात एक प्रतिसाद. जमीन किती खोलवर गोठते असं धरायचं, तो आकडा मिनेसोटाच्या दक्षिण भागात ४२ इंच आहे, उत्तरेला ६०. फूटिंगचा (भिंतीखालच्या रुंद पायाचा) तळ त्याच्या खाली हवा. माती बारीक पोताची असेल तर खालून पाणी शोषत वर येतं आणि गोठताना बर्फाचे थर धरतं, ते थर घर उचलतात. तळघर आठ फूट खोल असलं की हा प्रश्न आपोआप सुटतो. गॅरेज आणि पुढच्या ओट्याचा मात्र सुटत नाही. जाईजुई, तिथलं फूटिंग किती खोल आहे ते नकाशात बघा.

क्युरिंगचं. साचा लगेच काढला आणि हवा कोरडी असली तर भिंत सुकते, तुमचा संशय रास्त आहे. पण इथे मोठी धास्ती गोठण्याची. काँक्रीटची ताकद निदान ५०० पीएसआयपर्यंत (चौरस इंचाला ५०० पौंड दाब सोसण्याइतकी) येण्याआधी ते एकदा जरी गोठलं तरी ते कायमचं अधू राहतं. म्हणून थंडीत वरून जाड गोधड्या टाकतात आणि गोठलेल्या जमिनीवर ओतत नाहीत. सिमेंट पाण्याशी मिळताना स्वतःची उष्णता सोडतं, तीच धरून ठेवायची. आयसीएफचा हा फायदा कोणी फारसा सांगत नाही: दोन्ही बाजूंचा थर्माकोल ओलही धरतो आणि ऊबही. पाणी मारायला माणूस लागत नाही, बार्शीचा असो की मिनेसोटाचा.

आमची भिंत ओतली त्या दिवशी मी रजा काढून उभा होतो. पंपाचा लांब हात घरावरून आलेला, दोघं जण कठड्यावर, एक व्हायब्रेटर घेऊन. पहिली गाडी घट्ट वाटली म्हणून पंपवाल्यानं ट्रकच्या ड्रायव्हरला खूण केली, पाणी सोड. आमचा फोरमन, साठीचा नॉर्वेजियन वंशाचा माणूस, एरवी दिवसाला दहा शब्द बोलणारा, तो शिडीवरून उतरला, ट्रकच्या पाण्याच्या नळाजवळ जाऊन उभा राहिला आणि पंपवाल्याकडे नुसतं बघत राहिला. पाणी पडलं नाही. प्लांटला फोन करून पुढची गाडी पातळ करणारं रसायन घालून मागवली. वरून पाणी ओतलं की काँक्रीट घसरतं छान आणि ताकद जाते, हे मुकादमांना सांगायला नको. तुम्ही मात्र त्या दिवशी तिथे हजर राहा. काही बोलू नका, फक्त दिसा.

आयसीएफबद्दल तुमच्या बिल्डरचं तोंड वाकडं का, तर त्याला त्याची सवय नसेल. सवय नसलेल्या माणसाकडून ते करून घेऊ नका. ठोकळे सरळ रेषेत धरायला आधार नीट लावले नाहीत तर ओतताना पोट सुटतं, आणि मग वर घर बसवताना सुताराच्या शिव्या. त्याला साधी भिंतच जमत असेल तर तीच ओतू द्या, पण बाहेरून फूटिंगपासून वरपर्यंत फोमचे बोर्ड लावून घ्या. जमिनीच्या वर दिसणारा फोम गिलाव्यासारख्या थराने झाका. ऊन त्याला खातं आणि मुंग्यांना तो फार आवडतो. आयसीएफच केलंत तर बाहेरचं वॉटरप्रूफिंग चिकटणाऱ्या शीटचं घ्या. विद्रावक असलेलं डांबरी काही फासलं तर थर्माकोल विरघळतो.

आणि भिंतीला बाहेरून मातीचा भराव वरचा फ्लोअर बसल्याशिवाय टाकू देऊ नका. मोकळी उभी भिंत आत झुकते.

ओटावाकर

आमचा अनुभव नाही, निरीक्षण. आमच्या गल्लीत गॅस आहे, त्यामुळे जिओथर्मल लावणारा एकही नाही. एका मित्राने हौसेने लावलं, तो आता कोणी बिल विचारलं की विषय बदलतो. गॅस असेल तर नादी लागू नका. प्रोपेन असेल तर मला माहीत नाही.

तळ्याकाठी

ओटावाकर बरोबर बोलतात. आकडेच मांडतो.

एक गॅलन प्रोपेन ९५ टक्के कार्यक्षमतेच्या फर्नेसमध्ये जाळलं की सुमारे ८७,००० बीटीयू मिळतात. तेवढीच उष्णता साडेतीनच्या गुणोत्तराने (एक युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता) चालणारा हीट पंप, म्हणजे जिओथर्मलचं मशीन, सव्वासात युनिट विजेत देतो. युनिटला १४ सेंट धरले तर साधारण एक डॉलर. म्हणजे प्रोपेन दोन डॉलर गॅलन असेल तर खर्च निम्मा. पाइपचा गॅस असता तर एका थर्मची (गॅस मोजायचं माप, एक लाख बीटीयू) बरोबरी करायला आठ युनिटं लागली असती, म्हणजे एक डॉलर बारा सेंट, आणि गॅस बहुधा तेवढ्यातच किंवा कमीत मिळतो. मित्र विषय का बदलतो ते यात आलं.

तुमचं घर नीट बांधलं तर वर्षाला सात-आठशे गॅलन प्रोपेन लागेल असा माझा अंदाज. म्हणजे बचत वर्षाला आठशे डॉलरच्या आसपास. जिओथर्मलसाठी घातलेले वरचे वीस हजार त्यातून कधी निघायचे? पंचवीस वर्षं. आणि यातली गोम बघा: भिंती-छप्पर जितके चांगले कराल तितकी जळणाची गरज कमी, तितकी बचतही कमी. घट्ट घराला जिओथर्मल छान चालतं, पण त्याच घराला ते परवडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. हे कोणताही विक्रेता सांगणार नाही.

दोन गोष्टी मात्र पारडं हलवतात. गावाकडे वीज बहुतेक सहकारी संस्थेची असते. (हो, इथेही सहकार आहे. मूरहेडला तर शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखानाही आहे, बीटच्या साखरेचा. सासूबाईंना सांगा.) अशा बऱ्याच वीज संस्था हीट पंपाला वेगळा मीटर आणि स्वस्त दर देतात, काही जण रोख सूटही देतात. तो दर विचारल्याशिवाय काही ठरवू नका. आणि दुसरं, थंड हवामानासाठीचे हवेवर चालणारे हीट पंप. त्यांना खोदाई लागत नाही, अतिथंडीत प्रोपेन जोडीला. त्याचंही कोटेशन घ्या.

मग मी का केलं? आम्हाला क्रेडिट मिळालं होतं, खोदणारं मशीन घरासाठी आलेलंच होतं, आणि मला प्रोपेनच्या ट्रकची वाट बघायचा कंटाळा आहे. सेंट क्लाउडला ग्रॅनाइट सिटी म्हणतात, म्हणून उभ्या बोअरचा विचारही केला नाही. सहा-सात फूट खोल चर, त्यात पाइपांची वेटोळी. चर बुजवायच्या आधी पाइपांत हवेचा दाब भरून गेज रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी काटा तिथेच होता, तेव्हाच माती टाकू दिली, आणि तीही आधी दगड वेचून. तुमच्याकडे पाच एकर आहेत, तुम्हालाही आडवंच परवडेल.

जानेवारीचं विचारलंत. घर गरम राहतं. पण फर्नेससारखी भाजणारी हवा जाळीतून येत नाही, कोमट येते, पस्तीस-अडतीस अंशांची, आणि बराच वेळ येत राहते. पाहुण्यांना वाटतं बंद आहे. रात्री तापमान खाली करून सकाळी वर करायची सवय सोडावी लागते, नाहीतर पहाटे जोडीला असलेली विजेची हीटर कॉइल चालू होते आणि बचत तिथेच संपते. फेब्रुवारीच्या शेवटी पाइपांतून येणारं पाणी शून्याच्या आसपास आलेलं असतं. घाबरू नका, ग्लायकॉल त्यासाठीच आहे.

गोथेनबर्गची सून

स्वीडनमधून डोकावते. इथे हे खूप घरांत आहे, आणि बहुतेक उभे बोअरच. ग्रॅनाइटमध्ये. खडक असल्यामुळे भोक कोसळत नाही, ते नुसतं भूजलाने भरलेलं ठेवतात, वरच्या मातीच्या भागात तेवढं लोखंडी केसिंग. शेजाऱ्याच्या बोअरपासून वीस मीटर अंतर ठेवायला सांगतात, नाहीतर दोघं एकमेकांची उष्णता चोरतात. आमच्याकडे गरम हवा नाही, फरशीखाली पाणी फिरतं. पस्तीस अंशांचं पाणी पुरतं. जाईजुई, तळघराच्या फरशीत पाइप टाकायचे असतील तर आत्ताच टाका.

जाईजुई

सगळ्यांचे आभार. तुमचे प्रतिसाद छापून बिल्डरकडे नेले नाहीत एवढंच, बाकी सगळं विचारून आले.

मॅन्युअल जे करून घेतलं. ताशी ४१,००० बीटीयू निघाले, म्हणजे साडेतीन टनांच्या आत. पाच टनवाला त्यावर म्हणाला, "थोडं जास्त असलेलं बरं." त्याला नमस्कार केला.

आयसीएफ रद्द. बिल्डरने आजवर एकच केलंय म्हणाला, तेही गॅरेज. साधी भिंत, बाहेरून फोम. नवरा दोन दिवस गप्प होता, आता बरा आहे. गॅरेजचं फूटिंग ४२ इंचांवर आहे, बघितलं. वीज संस्थेने हीट पंपाचा दर नऊ सेंट सांगितला, म्हणजे गणित थोडं सुधारतं, पण तरी यंदा वीस हजार जास्तीचे काढणं जड आहे. पुढेमागे जिओथर्मल करता येईल अशी सोय ठेवायची तर आत्ता नेमकं काय करून ठेवू? आणि फरशीखाली काय काय?

तळ्याकाठी

मीही हेच केलं असतं.

भिंत ओतायच्या आधी, जिथे मशीनची खोली येणार त्या भिंतीत, जमिनीच्या पातळीपासून पाचेक फूट खाली, चार इंची पीव्हीसीचे दोन तुकडे आरपार बसवून घ्या. बाहेरच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे पाणी आत येणार नाही. दोन्ही टोकांना झाकण लावा आणि बाहेरचं टोक कुठे आहे ते भराव टाकण्याआधी टेप लावून फोटो काढा. नंतर त्यातून जमिनीतले पाइप येतील, मधली फट रबरी सीलने बंद होते. खर्च किरकोळ. हेच नंतर भिंत कापून करायचं म्हटलं तर माणूस, मशीन आणि वॉटरप्रूफिंगचं नुकसान, तिन्ही. सेप्टिकचं शेत (सांडपाणी जमिनीत मुरतं ती जागा) आणि पाण्याची बोअर कुठे येणार ते आत्ताच नकाशावर टाका आणि पाइपांच्या चरांसाठी एक पट्टा मोकळा ठेवा. त्यावर झाडं लावू नका, ऊसही नाही.

फरशीखाली खालून वर असं: चार इंच धुतलेली खडी, त्यात रेडॉनचा (जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूचा) पाइप, त्यावर दोन इंची फोम, त्यावर जाड प्लास्टिक, त्यावर पेक्स पाइप (गरम पाणी फिरवायचा प्लास्टिकचा पाइप), मग काँक्रीट. पेक्स आत्ता कशाला जोडायचा नसला तरी टाकून ठेवा, त्यात दाब भरून गेज लावूनच फरशी ओता. म्हणजे कोणी खिळा मारला तर काटा लगेच पडेल.

रेडॉनची चेष्टा समजू नका. मिनेसोटात पाचातल्या दोन घरांत तो लिटरमागे ४ पिकोक्युरी या इशाऱ्याच्या पातळीच्या वर सापडतो. नव्या घरात पाइप घालणं २००९ पासून कायद्यानेच आहे, पण पंखा तुम्हाला लावावा लागतो. राहायला गेलात की पहिल्या हिवाळ्यात चाचणी करा, आणि पंख्यासाठी माळ्यावर विजेचा पॉइंट आत्ताच काढून ठेवायला सांगा.

मुकादम

ताई, त्या फोमवर उभं राहून मजूर फरशी ओतणार, बूट घालून. प्लास्टिक फाटलं तर तिथल्या तिथे टेप मारून घ्या. आमच्याकडेही तिथेच फाटतं.